जहाजाच्या मॉडेलवर यार्ड कशी चढवावीत

डोलकाठ्या उभ्या राहिल्या, श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर) ताणून झाले, त्यांच्यावर रॅटलाइनच्या पायऱ्याही बांधून झाल्या, की मॉडेल संपत आलं असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात सगळ्यात किचकट काम तिथून पुढे असतं. यार्ड म्हणजे डोलकाठीवर आडवी टांगलेली, चौकोनी शीड धरणारी काठी. तीन डोलकाठ्यांच्या फ्रिगेटवर, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौकेवर, अशी दहा-बारा यार्डं असतात आणि त्यांना टांगणाऱ्या, तोलणाऱ्या, फिरवणाऱ्या दोऱ्या मोजायला बसलं तर आकडा सहज शंभराच्या पुढे जातो. हे काम हौशी लोक अर्धवट सोडतात ते कौशल्य कमी पडतं म्हणून नव्हे. क्रम चुकतो, बोटं आत जायला जागा उरत नाही आणि चिडचिड सुरू होते.

उदाहरणासाठी एक खरं जहाज समोर ठेवू या: एचएमएस त्रिंकोमाली. ब्रिटिश नौदलासाठी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडलेलं हे फ्रिगेट सागवानाचं आहे. इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात ते अजून पाण्यावर तरंगतं आहे. तोफांच्या डेकची लांबी सुमारे १५० फूट, म्हणजे १:९६ या प्रमाणात तेवढा भाग ४८ सेंटिमीटरच्या आसपास येतो. घरातल्या कपाटावर मावेल असा आकार आहे. पुढची सगळी मापं मी याच प्रमाणात देतो. तुमचं मॉडेल १:६४ किंवा १:४८ चं असेल तर त्या हिशेबानं वाढवून घ्या.

आधी ठरवा: शिडं आहेत की नाहीत?

हा प्रश्न लाकूड हातात घेण्याआधी सुटायला हवा, कारण यार्ड कुठल्या उंचीवर बसणार आणि कुठली दोरी ताठ, कुठली सैल, हे सगळं त्यावर ठरतं.

डोलकाठी खरं तर तीन तुकड्यांची असते: खाली जाड लोअर मास्ट, त्यावर टॉपमास्ट, त्यावर बारीक टॉपगॅलंट मास्ट. प्रत्येक तुकड्याचं आपलं यार्ड. सगळ्यात खालचं यार्ड स्लिंग नावाच्या जाड दोरानं किंवा साखळीनं कायमचं टांगलेलं असतं. शीड उघडा नाहीतर मिटा, ते जागचं फारसं हलत नाही. वरची यार्डं मात्र वर-खाली होतात. शीड उघडायचं तर हॅलियर्ड नावाचा दोर ओढून यार्ड वर चढवायचं आणि शीड मिटलं की खाली उतरवायचं. एवढं वजन विनाकारण उंचावर ठेवलं तर जहाज जास्त डोलतं, म्हणून कुठलाही शहाणा बोसन, म्हणजे दोर-शिडांची देखरेख करणारा अधिकारी, ते तिथे राहू देणार नाही.

आता दोऱ्यांकडे बघा. यार्ड वर चढलेलं असताना त्याचं वजन हॅलियर्ड पेलतो आणि यार्डाच्या टोकांना वरून धरणाऱ्या लिफ्ट नावाच्या दोऱ्या सैल पडतात. यार्ड खाली उतरलं की उलट होतं. लिफ्ट ताठ होतात आणि यार्ड त्यांच्यावर तोललं जातं. त्यामुळे उघडं, शीड नसलेलं टॉपसेल यार्ड, म्हणजे टॉपमास्टवरचं यार्ड, पार वर चढवलेलं आणि वर लिफ्टही ताणलेल्या, असं मॉडेल दिसलं की जाणकाराची नजर तिथेच अडकते. किटच्या खोक्यांवरच्या फोटोंमध्येसुद्धा हे सर्रास दिसतं, तेव्हा फोटो पाहून नक्कल करू नका.

माझं मत सरळ आहे: पहिल्या मॉडेलला शिडं लावू नयेत. १:९६ च्या प्रमाणात साध्यातलं साधं मलमलसुद्धा गोणपाटासारखं जाड दिसतं. शिवाय शिडामागे यार्डावरचं सगळं बारीक काम झाकलं जातं. म्हणून या लेखात मी शिडं नाहीत असंच धरून चालतो. तीन खालची यार्डं आपल्या जागी. टॉपसेल यार्डं उतरवून लोअर मास्टच्या माथ्यावरच्या टोपीच्या, म्हणजे कॅपच्या, जेमतेम वर. टॉपगॅलंट यार्डंही तशीच त्यांच्या खालच्या कॅपजवळ.

लाकूड आणि ताशीव काम

जहाज सागवानाचं म्हणून यार्डंही सागवानाची करायचा मोह होतो. करू नका. सागाचे रेषे आणि छिद्रं या प्रमाणात फार मोठी दिसतात आणि बारीक टोकाशी तो चिरतो. हेदू मिळाला तर उत्तम. त्याचे कण बारीक, तास स्वच्छ निघतो, आणि लाकूडकाम करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे मिळू शकतात. टॉपगॅलंट आणि त्याहून बारीक यार्डांसाठी बांबूच्या कबाबकाड्या झकास. सरळ रेषेची, पेर नसलेली काडी निवडा आणि काचेवर लोळवून बघा. थरथरत लोळली तर ती वाकडी आहे.

यार्ड म्हणजे एकसारखी गोल काठी नव्हे. मध्ये जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळतं, पण हे निमुळतेपण सरळ रेषेत येत नाही. ब्रिटिश गोदीत त्याचा ठरलेला हिशेब होता. मध्यापासून टोकापर्यंतच्या लांबीचे चार सारखे भाग करायचे. मधली जाडी एक धरली तर पहिल्या भागाच्या शेवटी ती ३०/३१, दुसऱ्याच्या शेवटी ७/८, तिसऱ्याच्या शेवटी ७/१० आणि अगदी टोकाला ३/७. म्हणजे पहिल्या भागात जाडी जवळजवळ बदलतच नाही आणि शेवटच्या भागात झपाट्यानं उतरते.

समजा खऱ्या जहाजावर ८० फुटांचं यार्ड आहे. १:९६ ला ते २५.४ सेंटिमीटर होतं. खालच्या यार्डांची मधली जाडी लांबीच्या साधारण पन्नासाव्या हिश्श्याइतकी धरायला हरकत नाही, म्हणजे ५ मिलिमीटर. मध्यापासून दर ३२ मिलिमीटरवर पेन्सिलीनं खूण करा आणि जाडी अशी उतरवत न्या: ४.८, ४.४, ३.५, टोकाला २.१. टॉपसेल यार्ड थोडं सडपातळ असतं. तुमच्याकडे प्लॅन असेल तर त्यातलं माप शेवटचं.

करायची पद्धत अशी:

१. ५ मिलिमीटरपेक्षा किंचित जाड अशी चौकोनी पट्टी घ्या. वर दिलेल्या खुणांवर चारही बाजू रंध्यानं किंवा कानशीनं उतरवून पट्टी चौकोनीच ठेवून निमुळती करा. गोल करायची घाई इथे करायची नाही.

२. चौकोनाची प्रत्येक बाजू ७:१०:७ या प्रमाणात विभागून दोन रेघा मारा. त्या रेघांपर्यंत कोपरे तासले की अष्टकोन मिळतो. खरे डोलकाठीचे सुतारही याच प्रमाणाची खूणपट्टी वापरत.

३. मधला एक चतुर्थांश भाग, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक खूण सोडून, अष्टकोनीच ठेवा. खालच्या आणि टॉपसेल यार्डांना मध्यावर असेच पैलू असतात आणि मॉडेलवर ते फार शोभून दिसतात. उरलेल्या भागाचे कोपरे मारून तो गोल करा.

४. शेवटचा हात २४० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा. हातड्रिलच्या जबड्यात टोक धरून पेपर फिरवायची पद्धत बरेच जण वापरतात. चालते, पण सावकाश फिरवा, नाहीतर टोक फाटतं.

टोकांपासून थोडं आत दोन-दोन बारीक पाचरी, म्हणजे क्लीट, चिकटवा. टोकावर चढवलेल्या दोऱ्यांचे फास आत घसरू नयेत म्हणून हा अडथळा. मध्यावरही दोन क्लीट, स्लिंग जागेवर राहावी म्हणून. मग रंग. त्या काळातल्या ब्रिटिश युद्धनौकांची यार्डं बहुधा काळी असत. चकचकीत काळा मात्र नको. मॅट काळ्यात थेंबभर तपकिरी मिसळलात तर लाकूड लाकडासारखं दिसतं.

दोरा: इथे कंजुषी नको

जुन्या नाविक पुस्तकांत दोराची जाडी त्याच्या घेरावर मोजलेली असते, व्यासावर नाही. "३ इंची ब्रेस" (ब्रेस ही यार्ड आडवं फिरवणारी दोरी) म्हणजे व्यासानं जेमतेम एक इंच. हे लक्षात न घेतल्यानं कित्येक मॉडेलवरच्या दोऱ्या तिप्पट जाड होतात. १:९६ ला ३ इंची दोर ०.२५ मिलिमीटर होतो आणि ७ इंची जाड दोर जेमतेम ०.६ मिलिमीटरच्या आत राहतो. म्हणून ०.१५, ०.२५, ०.३५ आणि ०.५ अशा चार जाडीचे दोरे जमवले की काम भागतं. दोऱ्याची जाडी मोजायला तो पेन्सिलीवर शेजारी-शेजारी दहा वेढे गुंडाळा, पट्टीनं रुंदी घ्या आणि दहानं भागा.

रंग दोनच. जे दोर कायम बांधलेले असतात त्यांना डांबर फासलेलं असे, म्हणून ते गडद तपकिरी, काळपट: फुटरोप (खलाशांच्या पायाखालचा दोर), स्लिंग, पेंडंट (टोकाला कप्पी असलेला आखूड दोर). जे दोर कप्प्यांमधून पळतात ते फिकट, वाळक्या ताडपत्रीसारख्या रंगाचे: लिफ्ट, ब्रेस, हॅलियर्ड, शीट (शिडाचा खालचा कोपरा खाली ओढणारा दोर). नुसती ही दोन रंगांची शिस्त पाळली तरी मॉडेल वाचता येतं.

सुती दोऱ्याला लव असते. तापवलेल्या चमच्यात मधमाशीचं मेण पातळ करून दोरा त्यातून ओढा, मग जाडसर कागदाच्या घडीतून खेचून जास्तीचं मेण काढा. पण मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत मी सुती किंवा तागाचा दोरा सुचवणार नाही. नैसर्गिक धागा ओल शोषून फुगतो आणि लांबीला आखडतो. जुलैत तुमच्या ब्रेस तंतुवाद्यासारख्या ताणलेल्या असतील आणि मार्चमध्ये लोंबतील. पॉलिस्टरचा, कमी लव असलेला पिळाचा दोरा घ्या. शिवणकामाच्या सामानाच्या घाऊक दुकानात तो तपकिरी-खाकी छटांत मिळतो, आणि हवेबरोबर त्याची लांबी फारशी बदलत नाही.

चिकटवायला पांढरा लाकडाचा गोंद, अर्धं पाणी घालून पातळ केलेला. सुपरग्लू दोऱ्यात शोषला जातो, दोरा काडीसारखा कडक होतो आणि वर पांढरी बुरशी आल्यासारखा डाग पडतो. शिवाय पातळ गोंदाची गाठ पाण्यानं भिजवून सोडवता येते. सुपरग्लूची गाठ कापावीच लागते.

जेवढं टेबलावर होईल तेवढं टेबलावरच

या कामाचं सगळं गणित या वाक्यात आहे. यार्ड डोलकाठीवर गेलं की तुमच्या आणि त्याच्या मध्ये श्राउड, स्टे (डोलकाठीला पुढून ताणून धरणारे दोर) आणि आधीची यार्डं येतात. टेबलावर दोन मिनिटांत बसणारी कप्पी वर बसवायला अर्धा तास जातो. म्हणून प्रत्येक यार्डाला त्याच्या सगळ्या कप्प्या, फास, फुटरोप आधी चढवून ठेवायचे.

टोकावर कोण आधी चढतं याचा ठरलेला क्रम आहे. सर्वांत आत, क्लीटला टेकून, फुटरोपचा फास. त्यानंतर ब्रेसच्या पेंडंटचा. सगळ्यात बाहेर लिफ्ट आणि शीटच्या कप्प्यांचा. हा क्रम उलटा झाला तर दोऱ्या एकमेकींना घासत जातात आणि टोकाशी गुंता दिसतो.

फुटरोपकडे जरा थांबू या, कारण मॉडेल जिवंत दिसतं ते यामुळे. खलाशी यार्डावर पोट टेकून शीड गुंडाळायचे तेव्हा पायाखाली हाच दोर असे. तो यार्डाच्या मागच्या बाजूला, साधारण ३ फूट खाली लोंबतो. आपल्या प्रमाणात ९ ते १० मिलिमीटर. प्रत्येक बाजूचा फुटरोप टोकापासून निघतो आणि मध्य ओलांडून पलीकडच्या बाजूला बांधला जातो, म्हणजे मध्यावर दोन फुटरोप एकमेकांवरून जातात. मध्ये-मध्ये त्याला स्टिरप नावाचे छोटे लटकते दोर आधार देतात. एका बाजूला तीन स्टिरप पुरेत.

अडचण एकच. दोरा इतका हलका की तो लोंबतच नाही, हवेत कुठेतरी वाकडा उभा राहतो. उपाय असा. स्टिरप दोऱ्याचे न करता ०.२ मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचे करा. तारेवर लाखेचा थर असेल तर रंग धरण्यासाठी तो खरवडावा लागतो. तारेचं एक टोक सुईवर गुंडाळून डोळा करा, दुसरं यार्डाला दोन वेढे देऊन मागच्या बाजूनं खाली सोडा, काळा रंग द्या. तिन्ही स्टिरपच्या डोळ्यांतून फुटरोप ओवा. आता एका जाड कार्डावर यार्डाची सरळ रेघ आणि त्याखाली फुटरोपचा झोल पेन्सिलीनं काढा. कार्ड यार्डामागे उभं धरा, दोरा पातळ गोंदानं ओला करा आणि चिमट्यानं रेघेवर बसवत जा. दोन स्टिरपच्या मधे थोडा झोल हवा, ताठ रेघ नको. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्या यार्डांना तेच कार्ड वापरलंत की झोल सारखे येतात.

त्रिंकोमालीच्या काळात यार्डाच्या वरच्या बाजूला जॅकस्टे, म्हणजे शीड बांधायचा आडवा दोर, रूढ होत होता. बारीक पितळी तारेचे छोटे डोळे साधारण १२ मिलिमीटरवर टोचून त्यातून ०.२ चा दोर ताणून घ्या.

बाकीच्या कप्प्या: १:९६ ला १२ इंची कप्पी ३ मिलिमीटरची आणि ८ इंची २ मिलिमीटरची होते. याहून मोठ्या लावू नका. किटमधल्या कप्प्या अनेकदा ठोकळेबाज असतात. त्यांचे कोपरे पॉलिश पेपरवर घासून गोल केले की जमतं. खालच्या यार्डाला मध्याजवळ टॉपसेल शीटच्या दोन कप्प्या लागतात, कारण ती शीट यार्डाच्या टोकाला असलेल्या कप्पीतून आत येते, यार्डाच्या खालून मध्यापर्यंत धावते आणि तिथून डोलकाठीच्या पायथ्याशी उतरते. टॉपसेल यार्डाला मध्याजवळ क्लूलाइनच्या (शिडाचा खालचा कोपरा वर ओढणाऱ्या दोराच्या) कप्प्या आणि वर मधोमध हॅलियर्डच्या टायची (यार्ड उचलणाऱ्या वरच्या दोराची) कप्पी.

यार्डाच्या वर-पुढे बसणारे बारीक स्टन्सेल बूम (जादा शिडांसाठी यार्डाबाहेर सरकवायच्या काठ्या) करून ठेवा, पण आत्ता लावू नका. ब्रेस बांधताना प्रत्येक दोरा त्यांच्यातच अडकतो.

डोलकाठीवर बसवणं

नुसत्या दोऱ्यावर यार्ड टांगलं तर ते प्रत्येक ओढीला वळतं, कलतं. म्हणून मध्यभागी मागून ०.६ मिलिमीटरचं भोक पाडून पितळी टाचणीचा तुकडा बसवा आणि तसंच भोक डोलकाठीच्या पुढच्या अंगाला पाडा. यार्ड नेहमी डोलकाठीच्या पुढे असतं, मागे नाही. ही टाचणी पुढे पॅरेलमागे (डोलकाठीभोवतीच्या गळपट्ट्यामागे) झाकली जाते, कुणाला दिसत नाही. भोक डोलकाठी उभी करण्याआधी पाडलेलं असेल तर छानच. नसेल तर हातातल्या छोट्या ड्रिलनं, डोलकाठीच्या मागून बोटाचा आधार देऊन, हलक्या हातानं पाडा.

खालच्या यार्डाची जागा टॉपच्या (लोअर मास्टच्या माथ्याजवळच्या मचाणाच्या) खाली, साधारण जिथे फटॉक श्राउड (टॉपच्या कडेपासून खाली येणारे आखूड दोर) खालच्या श्राउडना येऊन मिळतात त्या पातळीवर. टाचणीनं बसवलं की स्लिंग: जाड गडद दोर यार्डाच्या मध्याला वेढून, टॉपच्या भोकातून वर नेऊन, लोअर मास्टच्या माथ्याला कॅपमागे बांधायचा. यार्डाला डोलकाठीशी जखडणारा ट्रस म्हणजे मागून वळसा घालणारा दोर. तो सैलसर ठेवून खाली डेकवर आणा.

टॉपसेल यार्डाला ट्रस नसतो, पॅरेल असतो. लाकडी पट्ट्या आणि गोल मणी दोरात ओवून केलेला गळपट्टा, ज्यामुळे यार्ड डोलकाठीवरून सहज वर-खाली घसरतं. मणी कुठून आणायचे? मंगळसूत्रातले बारीकात बारीक काळे मणी घ्या, दीड मिलिमीटरचे, आणि त्यांच्यावर लाकडी तपकिरी रंगाचा हात द्या. पट्ट्यांसाठी पातळ प्लायचा कपटा किंवा पोस्टकार्डाचे दोन थर. एक पट्टी, वर-खाली दोन मणी, पुन्हा पट्टी, असं डोलकाठीच्या मागच्या अर्ध्या घेरात चार-पाच पट्ट्या पुरतात. दोरांची टोकं यार्डाभोवती गुंडाळून बांधा. टॉपगॅलंट यार्डाला एवढा थाट नको, त्याला नुसता दोराचा वेढा चालतो.

चढवण्याचा क्रम मी असा ठेवतो: आधी तिन्ही खालची यार्डं, मग तिन्ही टॉपसेल, शेवटी टॉपगॅलंट. एक डोलकाठी पूर्ण करून दुसरीकडे जाणारेही पुष्कळ आहेत. त्यात दुसऱ्या डोलकाठीच्या ब्रेस आडव्या येतात, म्हणून मला ते पटत नाही. क्रम कोणताही घ्या, एक नियम मोडू नका. डोलकाठीच्या जवळून उतरणारे दोर आधी आणि बाहेरचे नंतर. डेकवरच्या खुंट्यांचंही तसंच, आतल्या आधी.

हॅलियर्ड, क्लूलाइन आणि शीट आता बांधून टाका. शिडं नसताना शीट आणि क्लूलाइनची टोकं हवेत सोडायची नाहीत. खऱ्या जहाजावर ती एकमेकांत अडकवून ओढून ठेवत, म्हणजे दोन्ही दोर पुन्हा शीड लावायला तयार राहत. तुम्हीही तसंच करा.

लिफ्ट: यार्ड समपातळीत आणणं

लिफ्ट ही यार्डाच्या दोन्ही टोकांना वरून धरणारी जोडी. खालच्या यार्डाची लिफ्ट कॅपजवळून निघते, टोकाच्या कप्पीतून फिरून परत कॅपजवळच्या कप्पीत जाते आणि टॉपमधून डेकवर उतरते. टॉपसेलची लिफ्ट टॉपमास्टच्या माथ्याकडून येते. टॉपगॅलंटची एकेरी.

दोन्ही बाजू एकदम ओवा. कपडे वाळत घालायच्या छोट्या चिमट्यानं खुंटीजवळ तात्पुरत्या धरा, गाठ मारू नका. मग मॉडेलच्या समोर, डोळा यार्डाच्या पातळीत आणून बसा. टेबल सपाट असेल यावर विश्वास ठेवू नका. जहाजाची जलरेषा किंवा डेकचा आडवा कठडा हा तुमचा आधार. खालचं यार्ड त्याला समांतर झालं की बाकीची त्याला समांतर. एक बाजू थोडी ओढा, दुसरी तेवढीच सोडा, पुन्हा मागे होऊन बघा. पटलं की खुंटीवर आठाच्या आकड्यासारखे दोन वेढे, पातळ गोंदाचा थेंब, पण शेपूट लगेच कापू नका. ब्रेस ओढल्यावर लिफ्ट पुन्हा ढिल्या पडण्याची दाट शक्यता असते.

ब्रेस: सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही बाजूंना बरोबर

वाऱ्याप्रमाणे यार्ड आडवं फिरवणाऱ्या दोऱ्या म्हणजे ब्रेस. त्या जहाजभर पसरतात, म्हणून शेवटी. कुठून कुठे जातात याचं तर्कशास्त्र समजलं की प्लॅन सतत बघावा लागत नाही. यार्डाला मागे ओढायचं तर दोर मागच्या कुठल्या तरी घट्ट जागी न्यावा लागतो. तीन डोलकाठ्यांपैकी पुढची फोर, मधली मेन आणि मागची मिझन. म्हणून फोर मास्टच्या ब्रेस मेन मास्टकडे आणि मेनस्टेकडे जातात. मेन यार्डाच्या खालच्या ब्रेस जहाजाच्या मागच्या कोपऱ्यांवर, कठड्याबाहेर. मेन टॉपसेलच्या मिझन मास्टकडे. पण मिझनच्या मागे डोलकाठीच नाही, मग त्याच्या खालच्या यार्डाच्या, क्रॉसजॅकच्या, ब्रेस उलट पुढे मेन मास्टकडे येतात, आणि मिझन टॉपसेलच्या मागे गाफ नावाच्या तिरक्या काठीच्या टोकाकडे.

काम मागून पुढे करत या: आधी मिझन, मग मेन, शेवटी फोर. प्रत्येक ब्रेस अशी: पक्कं टोक ठरलेल्या जागी बांधा, दोर पेंडंटच्या कप्पीतून ओवा, परत मार्गाच्या कप्पीतून घेऊन डेकच्या खुंटीपर्यंत आणा आणि चिमट्यानं धरा. दुसरी बाजू तशीच. दोन्ही बाजूंचे चिमटे लागल्याशिवाय कुठलीही गाठ मारायची नाही. वरून खाली बघून यार्ड जहाजाच्या मध्यरेषेला काटकोनात आहे ना ते तपासा. कागदाचा गुण्या कापून डोलकाठीच्या पायथ्याशी ठेवला की नजर फसत नाही.

काटकोनातच ठेवायला हवं असं काही नाही. सगळी यार्डं एकाच बाजूला सारखी तिरकी फिरवून ठेवली तर मॉडेलची रुंदी कमी होते आणि काचेची पेटी अरुंद चालते. फ्लॅटमध्ये हा मोठा फायदा. तिरकं करताना टाचणी तेवढी वाकवून घ्या आणि खालचं यार्ड श्राउडला टेकण्याआधी थांबा. खरं यार्डही तिथेच अडतं.

ओढ किती द्यायची? दिसायला सरळ राहील इतकी, त्यापलीकडे रतीभरही नाही. टॉपगॅलंट मास्ट आधीच बारीक, आणि पुढच्या यार्डाची ब्रेस तिच्यावर आलेली. जोर लावलात तर ती पुढे वाकते, तिच्या पुढचे स्टे सैल पडतात आणि मग एकेक करत सगळं बिघडत जातं. उलट लांब ब्रेसला थोडा झोल ठेवला तर वजनदार दोरासारखी दिसते. ओवून झाल्यावर दोरा ओला करून मधे लहान नट हलकेच लटकवा, वाळल्यावर काढा.

ब्रेस झाल्या की परत लिफ्ट तपासा, समपातळी बघा, मग सगळ्या शेपटांना गोंद आणि कात्री. आता स्टन्सेल बूम चढवा: लांबी यार्डाच्या साधारण निम्मी, यार्डाच्या वर-पुढे ४५ अंशांत, दोन कड्यांत घातलेले. कडी कागदाच्या पट्टीची, काळी रंगवलेली, चालतात.

शेवटी खुंट्यांवरची दोराची वेटोळी. ती खुंटीवर गुंडाळू नका, ती गाठीसारखी दिसतात. फळीवर तीन खिळे ठोका, दोरा त्यांच्याभोवती लांबट फिरवा, पातळ गोंद लावा, वाळलं की काढून मधे एक वेढा द्या आणि खुंटीवर अडकवा. खालचा भाग बोटानं दाबून थोडा लोंबता करा. सगळी वेटोळी एकाच लांबीची नकोत. ब्रेसचा दोर लांब, म्हणून त्याचं वेटोळं जाड, क्लूलाइनचं बारीक.

काही महिन्यांनी एखादी ब्रेस ढिली दिसली तर कापायची घाई नको. खुंटीजवळच्या गोंदाला ब्रशनं कोमट पाणी लावा, पाच मिनिटं थांबा, वेढे चिमट्यानं उलगडा, दोर अर्धा मिलिमीटर ओढा, पुन्हा गोंद. एका बाजूची ओढली की समोरच्या बाजूचीही तपासा, नाहीतर यार्ड फिरलेलं दुसऱ्या दिवशी लक्षात येतं.